एकाच नोंदीवरून निष्कर्ष नको



आरंभी एक छोटासा प्रयोग करू. साहित्य म्हणजे तीस सेंटिमीटरची एक फूटपट्टी आणि एक मित्र. मित्राने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. पट्टीवरील शून्याची खूण तुमचा अंगठा व तर्जनी यांच्या मधोमध यावी, पण बोटे पट्टीला टेकता कामा नयेत. मित्र न सांगता पट्टी सोडील. ती सुटलेली दिसताच तुम्ही चिमटीत पकडायची आणि किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहून ठेवायचे. पट्टी गुरुत्वाकर्षणाने पडत असल्यामुळे अंतरावरून वेळ काढता येतो. पट्टी १५ सेंटिमीटर पडली, तर तुम्हांला सुमारे ०.१७५ सेकंद लागले; २० सेंटिमीटर पडली, तर सुमारे ०.२० सेकंद, आणि पुरी ३० सेंटिमीटर निसटून गेली, तर जवळजवळ पाव सेकंद होऊन गेला असे समजावे.

आता सांगा, हा प्रयोग एकदाच करून भागेल का? मुळीच नाही. निदान वीस नोंदी घ्याव्या लागतील. त्यांची सरासरी काढावी लागेल, आणि नोंदी सरासरीभोवती किती पसरल्या आहेत हेही पाहावे लागेल. एकाच नोंदीवरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याची वही आम्ही शिक्षक परत करतो. मात्र तोच शिक्षक विद्यार्थ्याविषयीचे आपले मत पुष्कळदा एकाच नोंदीवरून बनवतो. मीही तसेच केले आहे. त्याचीच ही हकिकत.

काही वर्षांपूर्वी आमच्या बारामतीच्या महाविद्यालयात अकरावी शास्त्र शाखेला एक मुलगा होता. इंदापूर तालुक्यातील एका खेड्यातून तो रोज एस.टी.ने येई. कधी जर्नल घरी राही, कधी कंपासपेटी बसमध्ये. चाचणी परीक्षेत निम्मे प्रश्न सोडवलेलेच नसत, आणि सोडवलेल्यांत बेरजेच्या चुका. तासाला बाकावर चुळबुळ, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर, आणि अर्ध्या तासाने नजर खिडकीबाहेर. मी त्याच्या जर्नलवर लाल शाईने एकच शब्द लिहिला : "निष्काळजी". मुले हसली. तोही हसला.

पुढे प्रयोगशाळेत हाच पट्टीचा प्रयोग निघाला. त्या मुलाच्या वीस नोंदी मी पाहिल्या आणि चमकलो. सगळ्या वर्गात सर्वांत चपळ अशा काही नोंदी त्याच्या होत्या. पण चार वेळा पट्टी सरळ जमिनीवर पडली होती. इतरांच्या नोंदी एका ठिकाणी गोळा झाल्या होत्या, याच्या विखुरल्या होत्या. मी सवयीने म्हणालो, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" तो हळूच म्हणाला, "सर, मी लक्ष देतच होतो. मधेच कसं जातं ते माझं मलाच कळत नाही."

हे उत्तर उद्धटपणाचे नव्हते. ते एका प्रामाणिक निरीक्षकाचे होते. त्या दिवसापासून मी या विषयावर वाचू लागलो.

मित्रहो, लक्ष एकाग्र न होणे, हालचाल आवरता न येणे आणि विचार करण्याआधीच कृती घडून जाणे या गोष्टी वयाच्या मानाने फारच अधिक असतील, बाराव्या वर्षाच्या आधीपासून असतील, निदान सहा महिने टिकून असतील, शाळा आणि घर अशा दोन्ही ठिकाणी दिसत असतील आणि त्यांमुळे कामात खरोखर अडथळा येत असेल, तर त्या अवस्थेला तज्ज्ञ ए.डी.एच.डी. म्हणतात. मराठीत आपण तिला अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणू. जगभरच्या पाहण्यांनुसार शंभर मुलांमागे सुमारे पाच मुलांत ती आढळते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण तीन! ती सगळी काही दंगा करणारी नसतात. काहींत, आणि मुलींत विशेषेकरून, चुळबुळ दिसतच नाही. मुलगी मागच्या बाकावर गप्प बसलेली असते, मन भलतीकडे गेलेले असते. तिला "स्वप्नाळू" म्हणून सोडून दिले जाते आणि तिची अडचण कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ही कल्पना नवी नाही. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही या मुलांना स्वतःला आवरता येत नाही, हे त्यांनी नीट टिपले; पण त्याला नाव दिले ते "नैतिक नियंत्रणातील दोष" असे. म्हणजे या सुरुवातीच्या शास्त्रीय वर्णनातही शीलाचा ठपका होताच! पुढे संशोधनाने हळूहळू तो पुसला. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत अवधानाला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि १९८७ साली आजचे नाव रूढ झाले. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असल्याचे दिसून आले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूची चित्रे घेऊन असे आढळले, की अशा मुलांत मेंदूच्या बाह्यकाची वाढ होते त्याच क्रमाने, पण सरासरीने सुमारे तीन वर्षे उशिरा. प्रतिक्रियाकाळातील पसारा अधिक असणे हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र सावधान! आपला पट्टीचा प्रयोग ही निदानाची चाचणी नव्हे. पट्टी निसटली म्हणून कुणी स्वतःला किंवा मित्राला हे नाव चिकटवू नये.

मेंदूत नेमके काय होत असते? आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. नीरा डावा कालवा १८८५ पासून बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून वाहतो आहे. धरणात पाणी भरपूर असले तरी ते प्रत्येक शेतात आपोआप पोचत नाही. आवर्तन सुटावे लागते, दारे वेळेवर उघडावी आणि मिटावी लागतात, पाटकऱ्याला लक्ष ठेवावे लागते. मेंदूच्या पुढच्या भागाचे काम असेच काहीसे आहे. कोणत्या गोष्टीकडे लक्ष वळवायचे, कोणती चारी बंद ठेवायची, हे तो ठरवतो. त्या कामी डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही रसायने लागतात. ए.डी.एच.डी.मध्ये पाणी कमी नसते, दारांचे नियंत्रण डळमळीत असते. म्हणूनच विहिरीवरची मोटर खोलून बसलेला मुलगा चार तास जागचा हलत नाही आणि बीजगणिताच्या चौथ्या उदाहरणाला उठून जातो. आवडीचे, नवे, हाताने करायचे काम दार उघडते. कंटाळवाण्या कामाला ते उघडता उघडत नाही. घरचे म्हणतात, "मोटरीपाशी बसतोस, मग अभ्यासालाच काय होतं?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्यातून काढलेला आळसाचा निष्कर्ष चुकीचा आहे. कालव्याच्या टेलला इंदापूरकडे एखाद्याचा ऊस वाळला, तर आपण त्या शेतकऱ्याला आळशी म्हणतो का? पाणी का पोचले नाही, असे विचारतो. हाच प्रश्न वर्गात का विचारू नये?

तुम्ही म्हणाल, कायदा आणि सरकार या बाबतीत काय करतात? महाराष्ट्राने १९९६ साली अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. २००७ साली आलेल्या "तारे जमीन पर" या चित्रपटाने वाचन-लेखनाची ही अडचण घरोघर पोचवली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे. परंतु ए.डी.एच.डी. त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. या दोन गोष्टी एकाच मुलात असू शकतात, पण त्या एक नव्हेत. दुसऱ्या बाजूने, २०१३ साली पालघर येथे ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत ए.डी.एच.डी.चा समावेश आहे. म्हणजे आरोग्यपथक ज्याची दखल घेऊ शकते, त्याची परीक्षेत दखल असेलच असे नाही. ही विसंगती दूर व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण माझे खरे म्हणणे पुढेच आहे. दाखला मिळेपर्यंत आपण थांबायचे कशासाठी? या मुलांना वर्गात ज्याची गरज असते, त्यातले बहुतेक बिनखर्चाचे आहे. शिक्षकबंधू आणि भगिनींनो, अशा मुलाला पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून दूर बसवा. सूचना एका वेळी एकच द्या आणि ती फळ्यावर लिहा. सत्राअखेर सगळे जर्नल मागण्याऐवजी दर आठवड्याला एक प्रयोग तपासा. खडू आणायला, उपकरणे मांडायला त्यालाच उठवा, म्हणजे हालचालीला वाट मिळेल. चूक सांगायची ती एकट्यात सांगा, आणि चांगले काही घडले तर लगेच सांगा.

यावर कुणी म्हणेल, "हे लाड झाले. आमच्या वेळी छडी होती, सगळे सुधारले." सगळे सुधारले नाहीत. जे सुधारले नाहीत ते शाळेतून गेले, म्हणून आपल्याला दिसले नाहीत, इतकेच. स्क्रू गेजमध्ये शून्यांक त्रुटी असली, तर आपण ते फेकून देत नाही आणि त्रुटी नाहीच असेही म्हणत नाही. ती मोजतो, दुरुस्ती करतो आणि मग तेच उपकरण अचूक माप देते. माणूस म्हणजे उपकरण नव्हे हे खरे. पण निदान उपकरणाला देतो तेवढा न्याय तरी मुलाला द्यावा.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. ही अडचण आपली आहे असे वाटत असेल, तर प्रथम साध्या गोष्टी पाहा. झोप पुरी होते का? पहाटेची एस.टी. पकडायची आणि रात्री उशिरापर्यंत मोबाइल, असे तर नाही ना? डोळे आणि कान तपासले आहेत का? रक्त कमी आहे का? घरात काही दुःख आहे का? या कारणांनीही लक्ष उडते. तरीही अडचण राहिली, तर आई-वडिलांना आणि विश्वासाच्या शिक्षकांना सांगा. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२२ पासून टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. औषधे आहेत आणि अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. मित्राची गोळी कधीही घेऊ नका.

अभ्यास पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत करा, मधे उठून चार पावले चाला. डोक्यात ठेवण्याऐवजी कागदावर लिहा. दप्तराची जागा ठरलेली असू द्या आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. हे नाव सबब म्हणून मात्र वापरू नका. अडचण तुमचा दोष नाही, पण तिच्यावर उपाय करण्यात तुमचा वाटा आहेच.

त्या मुलाचे काय झाले, हे तुम्हांला हवे असेल. त्याच्या वडिलांना मी डॉक्टरांविषयी सांगितले, तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "सर, वेड्याच्या डॉक्टरकडं नेलं म्हणून भावकीत कळलं, तर पोराची सोयरीक कशी व्हायची?" त्यांचे मुलावर प्रेम नव्हते असे नाही. भीती होती ती लोक काय म्हणतील याची, आणि त्या लोकांत लाल शाईने "निष्काळजी" लिहिणारा मीही होतो. त्यांचे मन वळायला सहा महिने गेले. निदान झाले, उपचार सुरू झाले. मुलगा बारावीला पहिल्या खेपेस एका विषयात राहिला, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. गुणवत्ता यादीत काही आला नाही. पण मधे त्याने कॉलेज सोडले नाही, हे मला फार मोठे वाटते.

त्याचे जर्नल त्याने नेले, तेव्हा ती लाल अक्षरे तशीच होती. खोडली तरी खालून दिसतात. तेव्हापासून मी कुणाच्याही वहीवर स्वभावाबद्दल शेरा लिहीत नाही. काय राहिले आणि ते कधीपर्यंत पुरे करायचे, एवढेच लिहितो.

तेव्हा शिक्षकहो, प्रगतिपुस्तकावर "लक्ष नाही" असे लिहिण्याआधी क्षणभर थांबा आणि विचारा : माझ्याकडे नोंदी किती आहेत? आणि मित्रहो, तुमच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला "धांदरट" म्हणण्याआधी तुम्हीही हेच विचारा. तीन तासांची एक परीक्षा ही एक नोंद आहे. एक शेरा ही तर नोंदही नव्हे.