चर्चच्या देणगीफलकावर नावं का नाहीत?

नगर जिल्ह्यातल्या एका वस्तीत सध्या चर्चचं बांधकाम चालू आहे. वस्ती पूर्वीच्या महारवाड्यातली. जुनं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. कुटुंबं वाढली, त्यामुळे रविवारच्या मिस्सेला निम्मी माणसं बाहेर उन्हात उभी असतात. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या या लोकांनी महिन्याला शंभर-दोनशे बाजूला टाकून पाया भरला आहे.

त्या पायाचा फोटो आपल्या तरुणांच्या एका ग्रुपवर आला आणि खाली सुरू झालं: 'तांदळासाठी धर्म विकला', 'बाबासाहेबांना विसरले', 'चर्च कशाला, अभ्यासिका बांधा'. लिहिणारी बरीच पोरं माझ्याच शिबिरात बसलेली. म्हणून हे उत्तर त्यांना.

पहिला मुद्दा तांदळाचा. या घरांतले पणजोबा ख्रिस्ती झाले ते १९५६ च्या कितीतरी आधी. तेव्हा दीक्षाभूमी नव्हती, मग बाबासाहेबांना विसरले कधी? १८७६-७८ च्या दुष्काळात पोराच्या तोंडात घास घालणाऱ्याकडे एखादा महार गेला असेल, तर गुन्हेगार घास देणारा, खाणारा, की त्याला उपाशी ठेवणारं गाव? 'तांदूळवाले' ही शिवी मनुवाद्यांची आहे. ती आपल्या तोंडी कशी आली, याचा विचार करा.

दुसरा मुद्दा अभ्यासिकेचा. आपल्या किती वस्त्यांत विहाराआधी अभ्यासिका झाली? आपणही आधी विहारच बांधला. पाच वर्षं काळारामाच्या दारात लाठ्या-दगड खाल्लेल्या समाजाला स्वतःची, ताठ मानेने बसायची जागा म्हणजे काय हे दुसऱ्याने सांगायला नको. तीच गरज त्यांची असेल तर ती अंधश्रद्धा कशी? वंदना संपल्यावर आठवडाभर कुलूप लावलेले आपले विहार आधी उघडा, मग अभ्यासिकेचा उपदेश करा.

आता खरा प्रश्न. त्या बांधकामावर देणगीदारांचा फलक नाही. विटा वाहणाऱ्या एका मावशींना मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, नाव दगडात कोरलं की पोराचा दाखला जातोय."

हे एक वाक्य समजून घ्या. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद या दर्जाला धर्माची अट घालतो. सुरुवातीला तो फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये आपण बौद्ध आलो. दलित ख्रिश्चन आणि दलित मुसलमान अजून बाहेर आहेत. म्हणजे शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही आणि मार खाल्ला तरी ॲट्रॉसिटी कायदा नाही. मारणारा मात्र आधी विहार की चर्च हे विचारत बसत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्येच ही धर्माची अट काढायला सांगितलं होतं. त्यावर निर्णय झाला नाही, २०२२ मध्ये आणखी एक आयोग नेमला गेला.

'त्यांना घेतलं तर आपला वाटा कमी होईल' असं काही कार्यकर्ते म्हणतात. १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षं आपण याच दाराबाहेर होतो. आत आल्यावर आतून कडी लावायची हा आंबेडकरवाद नाही. लोकसंख्या वाढेल त्या प्रमाणात टक्का वाढवा, ही मागणी एकत्र करता येते.

याचा अर्थ चर्चला मोकळं सोडायचं असा नाही. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा फायदा सवर्णांनी घेतला आणि अस्पृश्य ख्रिश्चन मागे राहिला, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. तामिळनाडूतल्या एरैयूरमध्ये दलित कॅथलिकांनी वेगळं धर्मग्राम मागितलं, तर मार्च २००८ मध्ये वन्नियार ख्रिश्चनांनी त्यांच्या वस्तीवर हल्ला केला. पोलीस गोळीबारात दोन माणसं मेली. एकच क्रूस, एकच मिस्सा, तरीही जात शाबूत! २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने स्वतःच्या दलित धोरणात चर्चमधली अस्पृश्यता मान्य केली. देशातल्या सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित आहेत, हेही तिथेच सांगितलं. ज्यांचं बहुमत आहे, त्यांच्या हातात कारभार किती?

म्हणून त्या वस्तीला आपले प्रश्न हे असावेत. इमारतीच्या हिशेबाची वही कोणाकडे राहणार? धर्मग्रामाच्या समितीत मजूर बाया किती असणार? जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये या वीट वाहणाऱ्यांच्या पोरांना प्रवेश आहे का, आणि फी कोण भरणार? दफनभूमीत जागा एकच की जातवार? हे प्रश्न मी त्यांच्या बैठकीत विचारले. फादर थोडे अस्वस्थ झाले. बाया मात्र पुढे सरकून बसल्या.

मित्रांनो, त्यांचा देव मला मान्य नाही आणि तो मान्य करायला त्यांनी मला सांगितलंही नाही. पण त्यांची जात माझीच आहे. स्लॅबच्या दिवशी मी घमेली उचलायला जाणार आहे. कॉमेंट लिहिणाऱ्यांनीही यावं. तिसरा परिच्छेद रद्द करण्याच्या निवेदनावर सह्या तिथेच घेऊ. ज्या दिवशी त्या मावशी न घाबरता आपलं नाव दगडात कोरतील, त्या दिवशी ते चर्च पूर्ण झालं असं मी म्हणेन.

जय भीम! जय संविधान!