पगार सारखा, बढती कोणाची?

१९७६ च्या समान वेतन कायद्याने सारख्या कामाला स्त्री-पुरुषांस सारखे वेतन ठरवून दिले. तरीही आम्ही कारकून मंडळी कचेरीत काय पाहतो? दोघे एकाच दिवशी नोकरीला लागले; २० वर्षांनी तो साहेब झाला, ती त्याच टेबलावर राहिली. बढतीबरोबर बदली येते. मुले लहान, सासू आजारी, म्हणून 'बढती नको' असे ती लिहून देते. मग वेतनश्रेणी मागे, निवृत्तिवेतनही मागे. २०२३ चे नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या अभ्यासातून हेच दाखवले : पहिल्या मुलाच्या जन्मानंतर कमाईतील अंतर वाढते. बंधूंनो, नकारावर सही तिची असली, तरी कारण आमच्याच घरात आहे. पुढच्या वेळी तिला म्हणूया, 'तू जा, घर आम्ही सांभाळतो.'