जयंतीची मिरवणूक आणि एप्रिलचे ऊन

१४ एप्रिल भर उन्हाळ्यात येतो आणि बुद्धपौर्णिमा वैशाखात येते. तिथी व तारीख आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ती कार्यक्रमाची वेळ. आणि नेमकी तीच आपण आजवर पाहुण्यांच्या हाती सोपवीत आलो आहोत.

स्मरणिकेत केवळ गौरवाच्या गोष्टी असाव्यात असे आम्हांला वाटत नाही, म्हणून हा प्रसंग नोंदवितो. काही वर्षांपूर्वी आमची जयंतीची मिरवणूक सकाळी नऊची ठरली होती. प्रमुख पाहुणे साडेअकरास आले. तोवर लेझीम पथक पटांगणात रांगेत उभे होते. बाराच्या सुमारास सातवीतील एका मुलीचे पाय अडखळले, मग बोलणे असंबद्ध झाले आणि ती कोसळली. भोवती गर्दी जमली. कोणी ‘पित्त झाले असेल’ म्हणाले, कोणी नाकाशी कांदा धरला. भोजनगृहातील मावशींनी मात्र गर्दी हटवून तिला कडुलिंबाच्या सावलीत नेले, अंगावर घागर रिती केली आणि पदराने वारा घातला. मग तिला दवाखान्यात नेले. ती वाचली. वैद्यकशास्त्रही हेच सांगते: उष्माघातात आधी शरीर थंड करावयाचे, मान, काखा व जांघा ओल्या कापडाने गार ठेवावयाच्या, शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालावयाचे नाही आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावयाची. हे त्या दिवशी आम्हां शिक्षकांपैकी एकालाही सुचले नाही.

‘ऊन विदर्भाचे, कोल्हापुरात वळीव पडतो’ हा आपला समज घातक आहे. मैदानी प्रदेशात तापमान किमान ४० अंशांवर गेल्याशिवाय हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करीत नाही, आणि आपल्याकडे पारा तेथवर क्वचितच जातो. परंतु वळिवाआधीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यास लाखो माणसे उघड्या मैदानात बसली होती. तेथेही पारा चाळिशीच्या आतच होता. उष्माघाताने १४ जण दगावले. ती माणसे श्रद्धेने आली होती. श्रद्धेने आलेला माणूस मध्येच उठून जात नाही, म्हणून त्याच्या सावलीची जबाबदारी बोलावणाऱ्यावर अधिक असते.

यावर आमचेच काही बांधव म्हणतात, ‘बाबासाहेबांनी माणगाव आणि महाडची परिषद मार्चच्या उन्हातच घेतली, आपण सावली काय शोधायची?’ भावना खरी आहे. पण १९२७ साली महाडला जमलेल्यांसाठी आयोजकांना ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. खिशात पैसा नसलेल्या माणसांनी आधी पाण्याची तजवीज केली होती. आज नळ आपल्या दारात आहे, आणि मिरवणुकीच्या वाटेवर माठ ठेवण्याचे आपल्याला सुचत नाही!

आणखी एक गोष्ट, जी स्मरणिकेत सहसा छापली जात नाही. आमच्या मुली उन्हाळ्यात पाणी मुद्दाम कमी पितात. कारण विचारले तेव्हा त्या गप्प राहिल्या. नंतर मावशींकडून कळले, की दुपारी स्वच्छतागृहात जाण्याजोगी स्थिती नसते. ताक, पन्हे, ओआरएसची पाकिटे यांवर आम्ही फलक लावले होते. फिनेल आणि पाण्याची टाकी यांकडे कोणी पाहिले नव्हते. वसतिगृहाच्या पत्र्याचेही तसेच. पत्रा दिवसभर तापत राहतो. त्यावर पांढरा चुना देण्याचा खर्च व्यासपीठाच्या मंडपाहून कमी आहे.

यांतील अनेक मुलांचे आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आहेत. ऊन टाळणे त्यांच्या हाती नाही. निदान त्यांची मुले आमच्या स्वागतगीतासाठी उन्हात तिष्ठत राहू नयेत.

यंदाच्या निमंत्रणपत्रिकेवर मिरवणुकीची वेळ सायंकाळी साडेपाच अशी छापली आहे. पाहुण्यांना उशीर झाला तर लेझीम त्यांच्याविना सुरू होईल, हे आम्ही त्यांना आधीच कळविले आहे.