कोरी पाटी करण्यापूर्वी

आमच्या भागात संगणक अडखळू लागला की त्यावर एकच औषध दिले जाते : ‘फॉरमॅट मारा.’ अंबड असो, भोकरदन असो वा खुद्द जालना शहर, दुरुस्तीच्या दुकानात आपण रोगाचे वर्णन करू लागतो न लागतो तोच समोरचा तरुण विचारतो, “सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं आहे का?” आपण घाईघाईने ‘नाही’ म्हणतो. डी ड्राइव्हला हात लावणार नाही असे तो अभय देतो, आणि दोन-तीन तासांनी संगणक कोऱ्या पाटीसारखा होऊन घरी परततो. या उपायाविषयी आमची मुळात तक्रार नाही. किंबहुना धडधाकट यंत्र भंगारात घालण्यापेक्षा त्यावर नव्याने कार्यप्रणाली बसवणे केव्हाही शहाणपणाचे, असेच आमचे मत आहे. आमचा आक्षेप आहे तो त्या प्रश्नाला. मराठीत लिहिणाऱ्या माणसापुरता तरी तो प्रश्न अपुरा आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास आपण सारेच फार उतावीळ असतो.

हा विषय आताच काढण्यास निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि कंपनीच्या यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ च्या पुढील यंत्रांपासून सुरू होते. २०१२ साली घेतलेला आमचा घरचा संगणक या प्रवेशपरीक्षेस बसूच शकत नाही. चालतो मात्र उत्तम. अशी यंत्रे शिक्षकांच्या, प्राध्यापकांच्या, तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या घरी अजून पुष्कळ आहेत. त्यांतली काही आता विकली जातील, काही पुसली जातील. पुसली जाणारी वाचली असे आपण समजतो. पण आतल्या मजकुराचे काय, हे कोणी विचारत नाही.

येथे थोडे मागे जावे लागेल. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली होती. परंतु मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीला ही देवनागरी प्रथम कळली ती विंडोज २००० मध्ये. पुढे एक्सपीतही ती आपण होऊन चालत नसे. ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ नावाच्या चौकटीत खूण करून मूळ सीडी घालावी लागे. (मोरोपंतांच्या आर्या कोणाला क्लिष्ट वाटल्या तर आम्ही समजू शकतो, पण साध्या ‘किती’ या शब्दासाठी आमची लिपी क्लिष्ट ठरावी, याचे तेव्हा हसू येई.) छपाईच्या जगात ज्याचे राज्य होते त्या पेजमेकरला तर युनिकोड-देवनागरी अखेरपर्यंत कळली नाही. साहजिकच मराठीने आपली वाट वेगळी काढली. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम, शिवाजी, किरण या नावांनी जे फॉन्ट घरोघर पोचले, त्यांनी एक युक्ती केली होती. रोमन अक्षरांसाठी नेमलेल्या घरांत त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले : एका घरात अर्धा ‘क’, एका घरात काना, एका घरात रफार. डोळ्यांना मराठी दिसे. संगणकाच्या लेखी मात्र फाइलमध्ये रोमन अक्षरांची नि चिन्हांची एक निरर्थक माळ असे. मराठी जी काय होती ती फाइलमध्ये नव्हतीच, ती फॉन्टमध्ये होती.

आणि फॉन्ट राहतो कोठे? विंडोजच्या फोल्डरात, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये.

हे आम्हांस २०११ साली कळले, आणि ज्या रीतीने कळले ते सांगताना आजही संकोच वाटतो. २००४ पासून चार-पाच वर्षे आमच्या विद्यार्थ्यांनी अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांतल्या खेड्यांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. बहुतेक विद्यार्थिनीच, कोणी आजीकडून, कोणी मावशीकडून, कोणी शेजारच्या घरी बसून वह्या भरल्या. त्या वह्या आम्ही उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत, भारनियमनाच्या वेळा सांभाळत, संगणकावर उतरवल्या. उतरवून झाल्यावर वह्या घरात किती काळ ठेवायच्या? वाळवी लागत होती. ‘आता कॉम्प्युटरात आहे’ असे म्हणून त्या आम्ही रद्दीत दिल्या. दिल्या त्या आम्हीच. त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. पुढे ते जुने यंत्र बिघडले, ‘फॉरमॅट’ झाले, डी ड्राइव्ह शब्द दिल्याप्रमाणे सुरक्षित राहिला. फाइल उघडली तेव्हा ओळी होत्या, ओळींच्या शेवटी पूर्णविरामही होते, आणि वाचता येईल असे एक अक्षर नव्हते.

त्या दुरुस्ती करणाऱ्या मुलाला आम्ही काय म्हणणार? त्याने मजकूर जसाच्या तसा जपला होता.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आमच्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. शाळेत तो सुवाच्य अक्षराच्या उपदेशापुरता वापरला जातो. परंतु त्यातला खरा विचार टिकण्याचा आहे. तरुण डोळ्यांनी लिहिलेले बारीक अक्षर त्याच माणसाला उतारवयात निरुपयोगी होते, हे समर्थ बजावतात. पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडायला सांगतात, ती शोभेसाठी नव्हे, तर कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहावे म्हणून. झडणे गृहीत धरून लिहिण्याची ही दृष्टी सतराव्या शतकातल्या लेखकापाशी होती. आम्ही वर्गात हा समास शिकवला आहे. आमच्या फाइलींना मात्र समास नव्हता.

एका सहकाऱ्याने त्या वेळी सहज म्हटले की तुमच्या ओव्या आता सकळ लिपीत गेल्या. विनोद बरा होता, पण तुलना पुरती जुळत नाही. महानुभावांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या हेतुपुरस्सर योजल्या, आणि किल्ली पंथात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती किल्ली बाहेरच्या अभ्यासकांना मिळाली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातच नव्याने लिहावी लागली. आपण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे लिहिले ते कोणापासून लपवायचे नव्हते, आणि त्याची किल्ली सांभाळणारा पंथही नाही.

यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात. पहिला, सगळ्याची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो, त्यामुळे पान दिसते हे खरे. परंतु शब्द शोधता येत नाही, उतरवून घेतला तर पुन्हा तीच रोमन चिन्हांची माळ हाती येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले आणि ‘शोधगंगा’ उभी राहिली, ही मोठीच गोष्ट झाली. तथापि तेथल्या कितीतरी मराठी प्रबंधांची गत हीच आहे. ते पाहता येतात, धुंडाळता येत नाहीत. दुसरा उपाय, जुना संगणक आहे तसाच ठेवून द्या. हा उपाय भावनेला बरा वाटतो. पण फिरती हार्डडिस्क कपाटात ठेवल्याने अमर होत नाही, आणि काही मराठी सॉफ्टवेअरांना यंत्राच्या मागे खोचायचे जे कुलूप लागे, ते हरवले की सारे संपले.

म्हणून आमचे म्हणणे असे की पाटी जरूर कोरी करावी, पण तिच्यावरचे लिहिलेले वाचून झाल्यावर. आणि हे वाचणे दुरुस्तीच्या दुकानाचे काम नव्हे, मराठीच्या माणसाचे आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते केले. प्रथम सी ड्राइव्हमधील फॉन्टचे फोल्डर, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स यांसह सगळे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवले. ‘डी सुरक्षित आहे’ या आश्वासनात डेस्कटॉप येत नाही, हे पुष्कळांना फॉरमॅटनंतर कळते. मग रूपांतर. जुना फॉन्ट आम्हांस २०११ मध्येच एका छापखान्यात, बऱ्याच खटपटीनंतर, मिळाला होता. तोही आवृत्ती थोडी निराळी असलेला.

रूपांतरक मिळतात, फुकटही मिळतात. अडचण त्यापुढची. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व इकार डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने, व्यंजनाच्या आधी नोंदलेला असतो. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने, नंतर येतो. रफाराचे याच्या नेमके उलट. रूपांतरक ही अदलाबदल करतो, आणि जोडाक्षर आले की चुकतो. इंग्रजीतून नोंदलेली गावांची नावे नि तारखा त्याने मराठी समजून वाचल्या आणि त्यांचा अगम्य गोंधळ केला. ‘माझ्या’ऐवजी आमच्याकडे बाया ‘माह्या’ म्हणतात. त्याचे सर्वत्र ‘माहया’ झाले. चंद्रकोरीसारखा ऱ्य त्याला ठाऊकच नव्हता. लग्नाच्या ओव्यांत आचाऱ्यांना मान देणारी एक ओवी आहे. तिथे आचार्यांना मान मिळाला. हसून सोडून देता आले असते. पण ओवी सांगणारी आजी आता नाही, लिहून घेणाऱ्या मुलीची वही आम्ही रद्दीत घातलेली, म्हणजे हा पाठ चुकला तर त्याला पडताळायला जगात दुसरी प्रत नाही.

एम.ए.च्या वर्गात आपण पाठचिकित्सा शिकवतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींतले पाठभेद, लेखकाच्या हातून होणारे प्रमाद, अपपाठ कसा ओळखावा, हे सारे विद्यार्थी परीक्षेत लिहितात. ती विद्या वापरायला इतके जिवंत क्षेत्र आपल्या विभागांच्या कपाटांत पडून असताना प्रकल्प मात्र दरवर्षी त्याच त्या कादंबऱ्यांवर होतात. प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने एक वर्षभर केवळ आपल्या वार्षिकांकांच्या नि लघुप्रबंधांच्या फाइली युनिकोडमध्ये आणून, मूळ छापील प्रतीशी ताडून, दुरुस्त कराव्यात. जात्यावरच्या ओव्यांचेच पाहा : हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या २०१७ पासून ‘परी’च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येऊ लागल्या, त्या एकदा जमवल्या म्हणून नव्हे, तर त्यामागे माणसे वर्षानुवर्षे बसली म्हणून.

प्रत्यक्ष स्थापनेविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती घातली. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली होती, त्यामुळे तासाभरात काम झाले. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपल्याने घड्याळ काही वर्षे मागे गेले होते, ते पुढे आणले. इनस्क्रिप्ट कळफलक एका खुणेसरशी मिळाला. सीडी मागितली गेली नाही. सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांची लिनक्स काढली होती, तेव्हा आम्ही तिच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते. लिनक्स म्हणजे अभियंत्यांचे काम, अशी आमचीही समजूत होती.

ओव्यांपैकी बहुतेक आता वाचता येतात. परतूर तालुक्यातली एक फाइल मात्र राहिली आहे. ती टंकताना कोणता फॉन्ट वापरला होता हे आम्हां दोघांनाही आठवत नाही, आणि जवळचा कोणताही फॉन्ट तिला लागू पडत नाही. पहिल्या काही ओळींच्या आरंभी जो चिन्हांचा गट येतो, त्याचे शेपूट प्रत्येक वेळी सारखेच आहे. ती ‘पहिली’, ‘दुसरी’, ‘तिसरी’ अशी मोजणी असावी असे धरून आम्ही एकेक चिन्ह लावत चाललो आहोत. आजवर सतरा लागली. ‘ळ’ अजून सापडलेला नाही.