लेखणीची मजुरी

लिहून पोट भरते काय, असे आपल्या बेटावरचे आईबाप मुलांना विचारतात. प्रश्न खराच आहे. आयर्लंडमधील कॉर्क पाहा. तेथे १८४१ साली 'कॉर्क एक्झामिनर' (आजचे 'आयरिश एक्झामिनर') निघाले, १८९२ साली 'ईव्हनिंग एको'. तो ओरडून विकणाऱ्या पोऱ्याचा पुतळाही शहरात उभा आहे. पण स्वतंत्र लेखकाचे काय? आज नगर परिषदेची बातमी, उद्या व्हिडिओ गेमचे परीक्षण. छापून येईल तेवढ्याचेच पैसे, आजारपणाची रजा नाही. एकट्याने संपादकाशी दर काय ठरवावा? आणि एकत्र येऊन ठरवावा, तर स्पर्धा कायदा आडवा येई. अखेर २०१७ साली आयर्लंडने कायदा दुरुस्त करून स्वतंत्र पत्रकारांना सामूहिक वाटाघाटीची मोकळीक दिली.

आम्हां शिक्षकांना वाटते, यात आपल्यालाही धडा आहे. मुले खेळाच्या पडद्याला चिकटतात म्हणून आपण रागावतो. त्यापेक्षा त्याच खेळावर त्यांच्याकडून मराठीत दहा ओळी लिहून घ्याव्या. गावच्या बैठकीची बातमीही लिहायला लावावी. मात्र छापले की शाबासकीबरोबर चार रुपयेही द्यावे. फुकट लिहिण्याची हौस संसार सुरू होईपर्यंतच टिकते. मग लेखणी थांबते, आणि तिच्याबरोबर आपली मराठीही.