गॅरेजात अडकलेला ट्रॅक्टर



खोडवा, हुमणी, बेणेप्रक्रिया यांपलीकडे या पानावर लिहिण्याची माझी सवय नाही. परंतु गेल्या महिन्यात खोडव्याचा एक प्लॉट पाहून परतताना रस्त्यालगतच्या गॅरेजात आपल्याच एका सभासदाचा ट्रॅक्टर दिसला. चाकांना गवताने वेढलेले, सीटवर कोंबडी बसलेली. चौदा महिने तो तिथे उभा आहे.

इंजिनचे काम झाले, बिल ४२ हजार झाले. त्या हंगामात तोडणीची टोळी उचल घेऊन पळाली आणि मालक गॅरेजकडे फिरकलाच नाही. आता न्यायला गेला तर मिस्त्री म्हणतो, रोजचे १०० रुपये जागाभाडे धरून ८४ हजार मोजा, नाहीतर विकून टाकतो. मालक म्हणतो, "साहेब, माझी वस्तू अडवणारा हा कोण?" गावही त्याच्याच बाजूने बोलते.

माझे मत निराळे आहे. मी शेतकी डिप्लोमावाला, वकील नव्हे. पण १८७२ च्या करार कायद्याचे १७० वे कलम काढून वाचले. ज्याने वस्तूवर आपली मेहनत किंवा कसब लावून ठरलेले काम पुरे केले, त्याला, उलट करार नसेल तर, मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. यालाच धारणाधिकार म्हणतात. तेव्हा ४२ हजारांसाठी ट्रॅक्टर धरला यात दांडगाई कसली? ऊस काट्यावरून गेला की बिल कधी निघते म्हणून आपण चौकशी करतोच ना!

मात्र हा हक्क धरून ठेवण्याचा आहे, परस्पर विकण्याचा नव्हे. पैसे वसूल करायचे तर कोर्टाची पायरी चढावी लागते, तीही काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. नुसत्या जागाभाड्याचे तर या कलमात नावच नाही. आधी ठरलेले नसताना गाडी अडवायची आणि वर अडवल्याचे भाडे मागायचे, हे मला पटत नाही. मागे केलेल्या ट्रॉलीच्या वेल्डिंगची उधारीही या ट्रॅक्टरवर चढवता येत नाही. शिवाय धरलेल्या ट्रॅक्टरने कोणाच्या ट्रॉल्या ओढायच्या नाहीत, आणि तो सांभाळायचा स्वतःच्या वस्तूसारखा.

पण मिस्त्रीची जागा चौदा महिने अडली हेही खरेच. त्याला म्हटले, पुढे कामाच्या पावतीवरच लिहून सही घेत जा, की काम झाल्याचे कळवल्यावर इतक्या दिवसांत न नेल्यास रोज इतके भाडे. मालकाला म्हटले, पैसे नसतील तर नसतील, पण जाऊन तसे सांगायला काय झाले होते?

शेवटी दोघांना समोरासमोर बसवले. भाडे सुटले, ४२ हजार दोन हप्त्यांत ठरले. पहिला हप्ता मिळताच ट्रॅक्टर सोड, असा मालकाचा आग्रह. मिस्त्री नको म्हणाला. एकदा ताब्यातून गेला की हक्क गेला, मग उरते ती नुसती उधारी, हे त्याला पक्के ठाऊक. त्याचे बरोबर आहे. दुसरा हप्ता ऊसबिलातून द्यायचा आहे. तोवर कोंबडी उठवून ताडपत्री टाकायचे त्याने कबूल केले आहे.

— ऊस विकास अधिकारी