मे महिन्यातच पाऊस आला, तर आगोटीचं काय?

महाड, पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत आगोटीची खरेदी मे महिन्यात उरकतात. दरड पडून घाट बंद झाला की बाजार लांबच राहतो. मग सुकट, बोंबील, कांदा आणि कुळथाच्या पिठीवर चूल चालते. पण २०२५ मध्ये मान्सून २५ मे रोजीच राज्यात आला आणि मिरची, पापड, मासळी सुकवायचे शेवटचे उन्हाचे दिवस गेले.

केंद्राने जून ते ऑगस्टचं रेशन आगाऊ द्यायला सांगितलं, हे बरंच झालं. पण प्राधान्य कुटुंबात माणशी महिना ५ किलो, म्हणजे पाच माणसांचं ७५ किलो धान्य. ओल आलेल्या घरात ते ठेवायचं कुठं? तेल-मिठाला पैसे कुठले? आगोट आता मेअखेरीवर ठेवून चालणार नाही.